एलेन्स स्टारडस्ट डायनर, न्यूयॉर्क: गाणी ऐका, पण भिंती वाचल्याशिवाय उठू नका

टाइम्स स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांपासून ब्रॉडवेवरून उत्तरेला चार चौक चालत गेलं की ५१ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर हे हॉटेल लागतं. पत्ता १६५० ब्रॉडवे. दर्शनी बाजूला जुन्या सबवेच्या, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेच्या, डब्याचा साज आहे आणि दारात बहुतेक वेळा रांग असते. ‘गाणारे वेटर असलेलं हॉटेल’ म्हणून ते जगभर ठाऊक आहे, आणि न्यू जर्सीत मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेल्या आईवडिलांना हमखास दाखवलं जातं. गाणी ऐकायची, मिल्कशेक प्यायचा, फोटो काढायचे आणि निघायचं, असा साधारण शिरस्ता. त्यात इथली सगळ्यात मोलाची गोष्ट राहून जाते. भिंतीवर फ्रेम करून लावलेली ‘मिस सबवेज’ या जुन्या सौंदर्यकिताबाची पोस्टरं ही ती गोष्ट. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे. रांग, जेवण आणि बिल यांचा हिशेबही पुढे दिला आहे, कारण तो माहीत नसेल तर पोस्टरं बघण्याइतकं डोकं जागेवर राहत नाही.

रस्ते, पूल, महामार्ग यांच्या प्रचारासाठी सौंदर्याचे किताब काढायची अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर फार हौस होती. नवा रस्ता खुला झाला की सॅश, म्हणजे किताबाचं नाव लिहिलेला पट्टा, खांद्यावरून घातलेली एखादी तरुणी फीत धरून उभी राही, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येई आणि किताब तिथेच संपे. पुढच्या रस्त्याला पुढची मुलगी. वाहतुकीशी जोडलेला ‘मिस सबवेज’ हा किताब मात्र थेट पस्तीस वर्षं टिकला. १९४१ मध्ये तो सुरू झाला आणि १९७६ मध्ये बंद पडला. एवढ्या काळात सुमारे दोनशे तरुणी ‘मिस सबवेज’ झाल्या. त्यांतलीच एक एलेन हार्ट, मार्च-एप्रिल १९५९ ची मिस सबवेज. लग्नानंतर ती एलेन हार्ट स्टर्म झाली आणि १९८७ मध्ये तिने हे डायनर काढलं. हॉटेलच्या नावातली एलेन ती हीच.

हा किताब चालवत कोण होतं, हे आधी समजून घ्यायला हवं. पोस्टरं बघताना बहुतेकांचा गैरसमज होतो की सरकारने रेल्वेची जाहिरात करायला हे काढलं. जून १९४० मध्ये न्यूयॉर्क शहराने दोन खासगी भुयारी रेल्वे कंपन्या विकत घेऊन सगळं जाळं एका छत्राखाली आणलं. डब्यांमधली जाहिरातीची जागा विकण्याचं काम न्यूयॉर्क सबवेज अॅडव्हर्टायझिंग कंपनी या खासगी कंपनीकडे होतं, आणि मिस सबवेज हा तिचा उपक्रम. कंपनीची अडचण सोपी होती. डब्यात जाहिराती असतात खिडक्यांच्या वर, जिथे भिंत वळून छताला मिळते त्या पट्टीत. मुंबईच्या लोकलमध्ये डोक्यावर चिकटवलेल्या क्लासेसच्या आणि औषधांच्या जाहिराती आपण जशा न वाचताच रोज घरी जातो, तसाच न्यूयॉर्कचा प्रवासीही पेपरात डोकं घालून बसलेला असे. साबण किंवा च्युइंगगम विकणाऱ्या जाहिरातदाराला पटवायचं होतं की लोक वर बघतात. म्हणून साबण आणि च्युइंगगमच्या मध्ये एक चेहरा लावायचा, आणि तो दर महिन्याला बदलायचा. या महिन्यात कोण, म्हणून लोक मान वर करतील आणि शेजारचा साबणही वाचतील.

सबवेची तिकिटं वाढवणं हा हेतू नव्हताच. तिकीट १९४८ पर्यंत पाच सेंट होतं आणि गाड्या तशाही भरून वाहत होत्या. माल होता प्रवाशाची नजर. हे डोक्यात ठेवून पोस्टरं वाचली की प्रत्येक ओळ वेगळी दिसू लागते.

पोस्टराची बांधणी ठरलेली. वर ‘मीट मिस सबवेज’ हा मथळा, एका बाजूला चेहऱ्याचा फोटो, शेजारी नाव आणि तीन-चार ओळींत तिचं काम, आवड आणि स्वप्न. कार्ड जाड पण लवचीक असायचं, कारण ते किंचित वाकवून डब्याच्या वळणदार पट्टीतल्या खाचेत सरकवावं लागे. मूळ रूपात ते सपाट भिंतीवर कधीच नव्हतं. डायनरमध्ये ते फ्रेममध्ये डोळ्यांच्या उंचीला दिसतं, तेव्हा वाचायला सोपं पडतं. पण डब्यातला माणूस खालून, तिरक्या नजरेनं, हलत्या गाडीत ते वाचत होता, हे ध्यानात असू द्या. फोटो मोठा आणि मजकूर तुटपुंजा, त्याचं कारण हेच.

मिस अमेरिकेशी याची तुलना केली जाते, पण दोन्हींची जात वेगळी आहे. मिस अमेरिका १९२१ मध्ये अटलांटिक सिटीत समुद्रकाठी सुरू झाली. तिथे रंगमंच होता, पोहण्याच्या पोशाखातली फेरी होती. मिस सबवेजला रंगमंच नव्हता, मुकुट नव्हता. मुलगी न्यूयॉर्कची असावी आणि सबवेने प्रवास करणारी असावी, एवढी मुख्य अट. फोटो पाठवायचा, बोलावणं आलं तर भेटायला जायचं. सुरुवातीची अनेक वर्षं निवड जॉन रॉबर्ट पॉवर्स करत असे. अमेरिकेतली पहिली मोठी मॉडेलिंग एजन्सी काढणारा माणूस तो हाच. पहिली मिस सबवेज मोना फ्रीमन पुढे हॉलिवूडमध्ये नटी झाली, पण ती अपवाद. बाकीच्या बहुतेक जणी टायपिस्ट, रिसेप्शनिस्ट, विद्यार्थिनी, दुकानातल्या किंवा ऑफिसातल्या नोकरदार. महिनाभर सगळ्या शहराच्या डोक्यावर त्यांचा फोटो झुलायचा, अनोळखी माणसांची पत्रं आणि लग्नाच्या मागण्या यायच्या, आणि पुढच्या महिन्यात त्या त्याच डब्यात दुसरीच्या फोटोखाली उभ्या राहून कामावर जायच्या. बक्षीस म्हणाल तर फार काही नाही. १९५३ मध्ये सबवेत भाड्यासाठी धातूची टोकनं आल्यानंतरच्या विजेत्यांना टोकनं गुंफलेलं ब्रेसलेट मिळे.

या भिंतींचं खरं महत्त्व एप्रिल १९४८ मध्ये आहे. त्या महिन्याची मिस सबवेज थेल्मा पोर्टर, ब्रुकलिन कॉलेजात मानसशास्त्र शिकणारी कृष्णवर्णीय तरुणी. पुढच्याच वर्षी हेलन ली ही चिनी वंशाची मुलगी निवडली गेली. तारखा शेजारी ठेवून बघा: मिस अमेरिकेच्या मंचावर पहिली कृष्णवर्णीय स्पर्धक उभी राहिली १९७० मध्ये आणि पहिली विजेती झाली १९८३ मध्ये. कंपनी फार पुरोगामी होती असा याचा अर्थ काढू नये. सबवेत सगळेच बसतात, आणि आपल्यासारखा चेहरा कधीच दिसत नसेल तर माणूस वर बघायचं सोडून देतो. शिवाय आपल्या मुलींनाही हा मान मिळावा, अशी मागणी तेव्हा कृष्णवर्णीय समाजातून जोरात होत होती. जाहिरातीचा स्वार्थ आणि समाजाचा रेटा एका कार्डावर एकत्र आले. एवढं एक पोस्टर नीट वाचलं तरी इथे आल्याचं सार्थक आहे असं आमचं ठाम मत आहे.

रंगभूमीने मात्र ही उडी त्याआधीच घेतली होती. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे या रस्त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलेल्या ‘ऑन द टाउन’ या लेनर्ड बर्नस्टाइनच्या संगीतिकेत एक खलाशी सबवेतलं ‘मिस टर्नस्टाइल्स’चं पोस्टर बघून त्या मुलीला शोधत शहरभर हिंडतो. ती मिस सबवेजचीच छाया. मूळ प्रयोगात ही भूमिका सोनो ओसातो या नर्तकीने केली. तिचे वडील जपानी होते आणि अमेरिकेचं जपानशी युद्ध तेव्हा चालू होतं. ज्या डायनरमध्ये दिवसभर ब्रॉडवेची गाणी चालतात तिथे ब्रॉडवे आणि सबवे यांचा हा सांधा कुणी आवर्जून सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवला.

पोस्टराचा काळ ओळखायला काही खुणा उपयोगी पडतात. एकाच महिन्याचं नाव असेल तर पोस्टर बहुधा सुरुवातीच्या काळातलं. पुढे एकेका पोस्टराची मुदत दोन-दोन महिन्यांची झाली, एलेनचं मार्च-एप्रिल आहे ते त्यामुळेच. भाऊ किंवा भावी नवरा सैन्यात असल्याचा उल्लेख आला की महायुद्धाची वर्षं समजावीत. मतदानाचा उल्लेख दिसला तर १९६३ नंतरचं, कारण तेव्हापासून अंतिम फेरीतल्या मुलींचे फोटो डब्यात लावून प्रवाशांकडून पोस्टकार्डावर मतं मागवायला सुरुवात झाली. जाहिरातवाल्यांच्या दृष्टीने ही चाल फार हुशारीची होती. आतापर्यंत प्रवासी वर बघतात असं नुसतं सांगावं लागत होतं, आता आलेली पोस्टकार्डं मोजून दाखवता येऊ लागली.

स्वप्नांच्या ओळीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. कोणती नोकरी, कोणता छंद, पुढे काय व्हायचंय, हे तीन-चार ओळींत सांगताना मजकूर लिहिणाऱ्याने काय ‘शोभतं’ असं मानलं आणि काय गाळलं, ते चाळीस, पन्नास आणि सत्तरच्या दशकांतली पोस्टरं एकापाठोपाठ वाचली की लख्ख दिसतं. शहरातल्या नोकरदार मुलींचा पस्तीस वर्षांचा इतिहास इतक्या कमी शब्दांत दुसरीकडे क्वचितच मिळेल.

१९७६ मध्ये किताब बंद पडला त्याला कारणं अनेक. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर पोचलं होतं, डबे रंगाच्या फवाऱ्यांनी आतून-बाहेरून भरले होते, तिकीट पन्नास सेंटवर गेलं होतं आणि रात्री सबवेने जायला लोक घाबरत होते. अशा डब्यात हसऱ्या मुलीचा फोटो लावून नजर वेधणं अवघड झालं. स्त्रीमुक्तीच्या चळवळीमुळे असल्या किताबांकडे बघण्याची दृष्टीही बदलली होती. २००४ मध्ये, सबवेला शंभर वर्षं झाली तेव्हा, ‘मिझ सबवेज’ नावाने तो एकदा पुन्हा काढला गेला, पण ती एका वर्षापुरतीच गोष्ट ठरली. मग २०१७ मध्ये ब्रुकलिनमधल्या सिटी रेलिक्वरी या छोट्या संग्रहालयाने तो मंचीय कार्यक्रमाच्या रूपात पुन्हा आणला, स्त्री-पुरुष असा भेद न ठेवता सगळ्यांना खुला.

मधल्या काळात या जुन्या विजेत्यांना शोधून काढून एकत्र आणण्याचं काम एलेन स्टर्मने केलं. तिने आपल्या हॉटेलात त्यांचे मेळावे भरवले. म्हणून या भिंतीवरच्या पोस्टरांना सजावट म्हणवत नाही. ज्या किताबाचा कुठे सरकारी दफ्तरात धड सांभाळ झाला नसता तो एका हॉटेलवालीने जपला, याबद्दल या जागेला मनापासून दाद द्यायला हवी.

तक्रार एकच आहे आणि ती महत्त्वाची. हॉटेलचा सगळा जोर गाण्यावर आहे. दिवे, माइक, मधूनच उडणारे कागदाचे रंगीत तुकडे, छताजवळून फिरणारी छोटी आगगाडी, पन्नासच्या दशकाचा झगमगाट, आणि या सगळ्याच्या मागे पोस्टरं. प्रत्येक मेजावर अर्ध्या पानाची माहिती ठेवली तर पाहुणा कशाकडे बघतोय ते त्याला कळेल. तोवर ही माहिती घरूनच वाचून जावी लागेल.

आता तिथे पोचायचं कसं ते. एडिसन किंवा मेट्रोपार्कहून न्यू जर्सी ट्रान्झिटने न्यूयॉर्क पेन स्टेशनला उतरा. तिथून सबवेची १ नंबरची, अपटाउनला, म्हणजे उत्तरेला, जाणारी गाडी धरा. ४२ वा रस्ता झाला की पुढचंच स्टेशन ५० वा रस्ता. शेजारच्या फलाटाला लागणाऱ्या २ आणि ३ नंबरच्या गाड्या जलद आहेत आणि दिवसा ५० व्या रस्त्याला थांबत नाहीत. गर्दीत चुकून त्यांत चढलात तर ४२ व्या रस्त्याला उतरून १ नंबरची गाडी धरा, नाहीतर थेट ७२ व्या रस्त्याला जाल. अपटाउन गाडीतून बाहेर आलात की ब्रॉडवेच्या पूर्वेच्या बाजूला निघता, हॉटेलही त्याच बाजूला एक चौक पुढे. परतताना मात्र रस्ता ओलांडून डाउनटाउनचं, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्या गाड्यांचं, प्रवेशद्वार शोधा. या स्टेशनात दोन फलाटांमध्ये आतून जोडणारी वाट नाही, त्यामुळे चुकीच्या बाजूला कार्ड टेकवलं की बाहेर येऊन पुन्हा पैसे भरावे लागतात. जर्सी सिटीच्या जर्नल स्क्वेअरहून येणाऱ्यांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क जोडणाऱ्या पाथ गाडीने ३३ व्या रस्त्याला उतरून, शेजारच्या हेरल्ड स्क्वेअर स्टेशनातून एन, आर किंवा डब्ल्यू गाडीने ४९ वा रस्ता गाठावा. क्यू गाडी तिथे थांबत नाही.

सबवेचं भाडं जानेवारी २०२६ पासून ३ डॉलर आहे आणि बँकेचं कार्ड दारावर टेकवून भरता येतं. एकाच कार्डावर चार जणांपर्यंत जाऊ शकतात, प्रत्येकासाठी एकदा टेकवायचं. भारतातलं कार्ड असेल तर निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये परदेशातले व्यवहार आणि टेकवून पैसे भरण्याची सोय, दोन्ही चालू करून घ्या. आपल्याकडे या सोयी सुरुवातीला बंद असतात आणि दारावर कार्ड नाकारलं जातं ते बहुधा यामुळेच.

टेबल आधी राखून ठेवण्याची पद्धत इथे नाही, रांग हाच मार्ग. रांगेचं गणित नाटकांच्या वेळांवर चालतं. ब्रॉडवेचे दुपारचे खेळ बुधवारी आणि शनिवारी दोनच्या सुमारास असतात, बऱ्याच नाटकांचे रविवारीही. रात्रीचे खेळ सात-आठला. म्हणजे खेळाच्या आधीचे दोन तास आणि सुटल्यानंतरचा तास टाळायचा. शनिवार-रविवारची सकाळ, नाताळचा आठवडा आणि शाळांच्या सुट्ट्या यांत रांग कोपऱ्यावरून वळून मागे जाते. नाटकाचं तिकीट हातात असताना इथे आधी जेवायचा बेत करू नका. रांगेतला वेळ तुमच्या हातात नसतो आणि ब्रॉडवेची नाटकं उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाहीत. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे आठवड्याच्या मधल्या वारी सकाळची न्याहारी. पोस्टरं वाचायलाही तीच बरी, कारण मेजं रिकामी असली तरच भिंतीजवळ जाता येतं. भरल्या हॉटेलात दुसऱ्याच्या जेवणावर ओणवून पोस्टर वाचणं शोभत नाही आणि वेटरांच्या वाटेत उभं राहिलं तर ते हटकतात. बसवणाऱ्याला शांतपणे सांगावं की भिंतीकडेचं मेज मिळालं तर बरं होईल. मध्ये बसणाऱ्याला गायक जवळून दिसतात, भिंतीकडे बसणाऱ्याला पोस्टरं.

गाणारे वेटर हे खरोखर गायक असतात. ब्रॉडवेवर काम मिळावं म्हणून ऑडिशन देत फिरणारी ही मुलं-मुली पोटासाठी इथे थाळ्या उचलतात, आणि त्यांतल्या काहींना खरंच कामं मिळतात. ज्याची पाळी येते तो माइक घेऊन मेजांमधून गात फिरतो, कधी बाकांच्या मधल्या उंच पट्टीवर चढतो, आणि त्याच वेळी दुसरा कुणी त्याच्या मेजांकडे बघतो. त्यामुळे तुमची ऑर्डर घेणारा मध्येच पाच मिनिटं नाहीसा झाला तर ती बेपर्वाई नव्हे. पाणी, सॉस, चमचा जे काही हवं ते ऑर्डर देतानाच एकदम सांगून टाकावं. गाण्याच्या शिकवण्यांसाठी म्हणून मधून बादली फिरवली जाते. तिच्यात टाकलेले पैसे आणि जेवणाची टिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बादलीत टाकणं ऐच्छिक, टिप मात्र अमेरिकेतल्या वेटरचा पगारच समजा. इथल्या वेटरांनी २०१६ मध्ये ‘स्टारडस्ट फॅमिली युनायटेड’ नावाची युनियन बांधली होती, हेही ठाऊक असू द्या.

आवाजाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. इथे निवांत गप्पा होणार नाहीत. कानाचं यंत्र वापरणाऱ्या आजी-आजोबांना आवाज कमी करून बसावं लागेल, आणि तान्हं बाळ असेल तर दुसरीकडे जाणं बरं. सहा-सात वर्षांपुढची मुलं मात्र खुलतात.

जेवण अमेरिकन डायनरचं: पॅनकेक, ऑम्लेट, बर्गर, सँडविच, मीटलोफ, मिल्कशेक. पदार्थ मोठे असतात, दोघांत एक घेतला तरी चालतो. चवीसाठी मुद्दाम इथे यावं असं काही नाही, आणि मालकांचाही तसा दावा नसावा. शाकाहारी मंडळींनी मात्र कुठल्याही अमेरिकन डायनरमध्ये विचारायच्या काही गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. पॅनकेक आणि वाफल यांत अंडं असतं. फ्रेंच फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच चिकनही तळलं जातं का, ते विचारा. सूप भाज्यांचं असलं तरी पाणी कोंबडीच्या हाडांचं असू शकतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोवी मासा असतो, इतर सॅलडांवर बेकनचा चुरा भुरभुरलेला असतो, मार्शमेलोत जिलेटिन असतं. ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यावर काम भागत नाही. मांस नको, मासा नको, कोंबडीचं पाणी नको, अंडं चालतं की नाही, असं एकेक सांगावं लागतं. व्हेजी बर्गरच्या वड्यातही कधी कधी अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांसाठी ग्रिल्ड चीज सँडविच आणि शेक हा त्यातल्या त्यात निर्धास्त पर्याय, तोही पाव आणि चीजबद्दल विचारून. जैन जेवण इथे मिळेल अशी आशा धरू नये.

बिलाचा हिशेब मेनूवरच्या आकड्यावर संपत नाही. न्यूयॉर्क शहरात जेवणावर विक्रीकर ८.८७५ टक्के लागतो. समजा एकाचं जेवण ३० डॉलरचं झालं, तर कर २ डॉलर ६६ सेंट आणि २० टक्के टिप धरली तर ६ डॉलर, म्हणजे एकूण ३८ डॉलर ६६ सेंट. चौघांचे झाले साधारण १५५ डॉलर. टिपचं गणित कराच्या आधीच्या रकमेवर करायचं. आणि टिप लिहिण्यापूर्वी बिल खालपर्यंत वाचा. पर्यटकांच्या भागातल्या हॉटेलांत, विशेषतः मोठ्या गटाच्या बिलात, टिप आधीच जोडलेली असू शकते. ती दिसली नाही म्हणून दुसऱ्यांदा देणारे बरेच असतात.

जेवण नको, फक्त पोस्टरं बघायची आहेत, असं इथे जमत नाही. हे हॉटेल आहे, संग्रहालय नाही. एखादा शेक आणि एक पदार्थ घेऊन सकाळी बसलात तर तासाभरात काम होतं. पोस्टरांचे फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, काचेवर चकाकी येऊन नेमका मजकूरच पुसला जातो. थोडं बाजूने, तिरकं उभं राहून काढलेला फोटो वाचता येतो.

ज्यांना या विषयात खरंच रस निर्माण होईल त्यांनी ब्रुकलिनमधलं न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम जोडून करावं. ते १९४६ मध्ये बंद झालेल्या कोर्ट स्ट्रीट या खऱ्या भुयारी स्टेशनात आहे आणि योगायोगाने १९७६ मध्येच, म्हणजे मिस सबवेज संपली त्याच वर्षी, उघडलं. मिस सबवेजवरचं एक प्रदर्शनही तिथे २०१२ मध्ये भरलं होतं. खालच्या फलाटावर जुने डबे उभे आहेत, आत जाऊन बसता येतं, आणि खिडक्यांच्या वरच्या पट्टीत त्या त्या काळातल्या जाहिराती लावलेल्या आहेत. ज्या जागेसाठी हा किताब निघाला ती वळणदार पट्टी तिथेच नीट समजते. डायनरमध्ये सपाट फ्रेममध्ये वाचलेलं कार्ड मूळ कुठे आणि कसं बसायचं, हे एका नजरेत कळतं.

डायनरहून जायचं तर ५० व्या रस्त्यावरून डाउनटाउनची १ नंबरची गाडी, टाइम्स स्क्वेअरला बदलून २ किंवा ३, आणि ब्रुकलिनला बरो हॉल स्टेशनला उतरायचं. प्रवेशद्वार बोरम प्लेस आणि शेर्मरहॉर्न स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर, जिना थेट स्टेशनात उतरतो तसंच आहे, त्यामुळे इमारत शोधत फिरू नका. म्युझियम आठवड्यातले सगळे दिवस उघडं नसतं. अलीकडे ते गुरुवार ते रविवार, सकाळी दहा ते दुपारी चार असं चालतं, तरी निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर वेळ बघून घ्या. दोन्ही एकाच दिवशी करायचं असेल तर गुरुवार किंवा शुक्रवार धरा, सकाळी लवकर डायनर आणि अकरा-साडेअकरापर्यंत म्युझियम. उलट क्रम लावला तर चारला बाहेर पडून ब्रॉडवेला पोचेपर्यंत संध्याकाळच्या नाटकांची गर्दी दारात उभी असेल.